काळा फोटो काढण्यात काय कठीण आहे

"काळा फोटो? त्यात काय कठीण आहे, भाऊजी," कानदाखवे म्हणाले. "फोटो काळा येऊ नये म्हणून मी जन्मभर धडपडलो. आता येऊ द्यायचा. म्हणजे मेहनत उलट कमीच."

माणसाने असं बोलू नये. वर बसलेला ऐकत असतो, आणि त्याला विनोदाची भारी हौस आहे.

कानदाखवे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. त्यांचं फोटोचं दुकान होतं, टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत, आणि फोटो म्हणजे पासपोर्टचे, परीक्षेच्या अर्जाचे, ओळखपत्राचे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते हनुवटी दोन बोटांनी सरळ करत आणि म्हणत, "दोन्ही कान दिसू द्या." अर्ज घेणाऱ्यांना कान लागतात. माणूस कसा आहे ते त्यांना नको असतं, कान हवे असतात. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की गल्लीने त्यांचं नावच ते करून टाकलं.

दुकानातलं स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. दोन्ही बाजूंचे दिवे भिंतीला पक्के. फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्याची चकती कुणीतरी एकदा नीट लावून दिली होती, ती हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी मारलेली. त्यामुळे उजेड मोजायचा असतो, ही गोष्ट कानदाखवे कधीच विसरून गेले होते. त्यांच्या दुकानात उजेडच शिस्तीत राहायचा.

आणि चुकून एखाद्या दिवशी त्याने शिस्त मोडलीच, तर पडद्यामागे काकू होत्या. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या कॉम्प्युटरवर बसायच्या. गिऱ्हाईक रात्रपाळी करून आलेलं असो की सासरशी भांडून, काकू दोन बटणं दाबून त्याच्या तोंडावर सकाळ आणायच्या. डाग काढायच्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायच्या, आणि उजळलेला चेहरा काळवंडलेल्या फाइलीवरच सेव्ह करून टाकायच्या. कॅमेऱ्याचं कार्डही लगेच पुसून मोकळं. "घाण कशाला साठवायची," असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

अशा या प्रकाशाच्या दुकानात एका दुपारी भाऊजी आले. कानदाखव्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. काकू वर जेवायला गेल्या होत्या. भाऊजींनी दारातून आत येताना हात पुढे धरला होता, हे कानदाखव्यांनी पाहिलं. पण उन्हातून आत आलं की सगळ्यांनाच अंधारतं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

"बसा. पासपोर्ट काढताय की काय?"

"नाही रे. तुझ्या ताईचा एक फोटो हवाय. मला दिसेल असा."

"माझा फोटो दिसेल असाच असतो. दोन्ही कानांसकट."

"तसा नको."

भाऊजी स्टुलावर बसले. ते घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू उचलणारा माणूस. गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा, "आता घड्याळ कोण दुरुस्त करून घेतं," असं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

"डोळे चाललेत माझे," ते म्हणाले, जणू बस चाललीय अशा आवाजात. "डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं टिकवू. गेलेलं येणार नाही. सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. चेहरे तर गेलेच. तुझाही गेलाय."

"माझा गेला त्याचं काही नाही हो."

"तेच मी म्हणतो. पण हिचा गेला, त्याचं वाईट वाटलं." भाऊजींनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "उजेडासमोर काही उभं असलं की त्याची कड तेवढी दिसते. उद्या कडही जाईल कदाचित. तोवर एक फोटो काढून दे. मागे लख्ख आकाश आणि पुढे ही, काळीभोर. भिंतीवर लावेन. येता-जाता बघेन."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आणि तुझ्या तोंडून कळता कामा नये. घे शपथ."

"पण भाऊजी, रोज घरात… तिला कळत कसं नाही?"

"सकाळी विचारते, कशी दिसतेय मी? मी म्हणतो, छान. इतक्या वर्षांची सवय आहे. त्यासाठी बघावं लागत नाही."

कानदाखव्यांच्या घशात काहीतरी अडकलं. पुरुषांच्या घशात असं काही अडकलं की तिथून बहुधा फुशारकी बाहेर पडते. तशी ती पडली, आणि ती कोणती हे तुम्ही सुरुवातीलाच ऐकलंत.

काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. काकू आणि ताई रोज दुपारी फोनवर बोलायच्या. काकूंना सांगणं म्हणजे ताईच्या कानात सांगणं, फक्त थोडं वाढवून.

ताई शाळेत गाणं शिकवायची. शाळा सुटली, गाणं नाही सुटलं. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून ती प्रार्थना म्हणायची, दिवसभर काही ना काही गुणगुणायची, आणि सुचलेली चाल टिपायला अंबाड्यात एक पेन्सिल खोचून ठेवायची. खोचल्याचं विसरून ती पेन्सिल घरभर शोधायची, हे वेगळं. तिच्या एका सवयीचा मात्र कानदाखव्यांना धंद्यापायी राग यायचा. अलीकडे ती कायम खिडकीकडे पाठ करून बसायची. जेवताना, गप्पा मारताना, भाजी निवडताना, पाठ खिडकीला.

"ताई, उजेडाकडे तोंड कर गं," ते दर वेळी म्हणायचे. "अशी बसलीस की तोंड कोळशासारखं दिसतं."

"तुला नाही दिसलं तरी चालेल," ताई म्हणायची आणि तिथून हलायची नाही.

थोरल्या बहिणी हट्टी असतात, असं म्हणून कानदाखव्यांनी तो विषय सोडून दिला होता. इथे पूर्वरंग संपला. आता कथा लागते.

गावाबाहेरच्या तलावावर संध्याकाळी जायचं ठरलं. तुमच्या दोघांचा एक चांगला फोटो काढतो, एवढंच त्यांनी ताईला सांगितलं. झालं. ताईने केस धुतले. ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, नापसंत केले, दुसरे काढले. पावडर लावली. पेन्सिल काढून ठेवली. भाऊजींच्या कोटाची बटणं तिने आपल्या हाताने लावली, आणि भाऊजी तिच्या डोक्याच्या थोडं वरून बघत, "छान दिसतेस," म्हणाले.

तलावाच्या काठावर 'पाण्यात उतरू नये' अशी एक लोखंडी पाटी होती. पाटीच्या एका बाजूला ताई उभी राहिली, दुसऱ्या बाजूला भाऊजी. मागे सूर्य पाण्याला टेकत आलेला. आकाश असं की शत्रूलाही ते दाखवावंसं वाटावं. कानदाखव्यांनी कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. तिच्याखालची चकती बाकीच्या कॅमेऱ्यापेक्षा नवीकोरी होती. त्यांनी डोळा लावला, सवयीने "दोन्ही कान दिसू द्या" म्हणाले आणि बटण दाबलं.

फाडकन फ्लॅश उडाला. झाडावरचे पक्षी उठले.

ताईने येऊन मागच्या पडद्यावर पाहिलं. "छान आलाय की रे. स्वच्छ. चला, घरी जाऊ."

"नाही ताई, हा बिघडला. यात तुझा चेहरा दिसतोय."

"मग काय दिसायला हवं होतं?"

"काही नाही."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी हे बाळ पाळण्यातून डोक्यावर पडलं होतं, त्याची तिला बहुधा आठवण झाली असावी.

"काहीच दिसायचं नव्हतं तर मी दुपारपासून नटले कशाला?"

"हल्ली अशीच पद्धत आहे. माणूस काळा, मागचं आकाश उजळ. नुसती आकृती दिसते."

"आकृती? या वयात? आकृती दाखवायचं वय होतं तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन फिरकलं नाही."

"अगं, राहा ना उभी," भाऊजी समजुतीने म्हणाले. "त्याची हौस आहे. धाकटा आहे तो."

कानदाखव्यांनी ओठ चावला. शपथ घेताना माणसाला वाटतं की गप्प राहणं सोपं असतं. गप्प राहणं सोपंच असतं. मूर्ख दिसत गप्प राहणं कठीण.

फ्लॅश बंद केला. दुसरा फोटो. कॅमेरा नेमका ताईच्या तोंडावर धरला, कारण आयुष्यभर तो तोंडावरच धरला होता. बिचाऱ्या कॅमेऱ्याला वाटलं, धन्याला चेहरा हवा आहे आणि चेहऱ्यावर उजेड कमी आहे. त्याने होता नव्हता तेवढा उजेड आत ओढून घेतला. चेहरे मळकट उजळले आणि मागचं ते देवाघरचं आकाश धुऊन पांढरंफटक झालं, वाळत घातलेल्या चादरीसारखं. चकती एक घर फिरवली. आणखी पांढरं. उलट फिरवली, तेव्हा सगळंच राखाडी झालं, ताईही आणि सूर्यही.

फिरायला आलेला एक गृहस्थ थांबला. "काका, उजेड त्यांच्या मागे आहे. त्यांना इकडे वळवा."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे तोंड काळं येईल."

"यायलाच हवंय."

गृहस्थाने ताईकडे आणि भाऊजींकडे सहानुभूतीने पाहिलं आणि थोड्या अंतरावर जाऊन तो पुन्हा थांबला. पुढे काय होतं ते बघायला.

"जरा जवळ या दोघं," कानदाखवे म्हणाले. दोघं पाटीच्या पुढे येऊन चिकटून उभी राहिली. हा फोटो बऱ्यापैकी काळा आला, पण दोन माणसं वेगळी दिसेनात. दोन डोक्यांचं एक पोतं कुणीतरी काठावर विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

"पुन्हा पाटीच्या दोन बाजूंना व्हा. आणि आडवे उभे राहा. समोर नको, बाजूने."

"बाजूने माझं नाक दिसतं," ताई म्हणाली.

"दिसू दे गं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की ताई मुकाट्याने बाजूने वळली.

सूर्य बुडाला. आकाश अजून तांबूस उजळ होतं, पण ते काही आपल्यासाठी थांबणारं नव्हतं. डास मात्र आपल्यासाठीच आल्यासारखे आले. ताई भराभर गालाला मलम चोपडू लागली. "काळीच दिसणार आहे ना मी? मग पांढरी झाले तरी कुणाला काय." कानदाखव्यांनी हताश होऊन कॅमेरा वर आकाशाकडे केला, किती उजेड उरलाय ते बघायला. बोट बटणावर अर्धवट दाबलेलं तसंच राहिलं.

गाऊन कथा सांगणारे सांगतात, देव मदतीला येतो तो देवाच्याच रूपात येतो असं नाही. इथे तो डासाच्या रूपात आला आणि कानदाखव्यांच्या मानेवर बसला. त्यांनी डाव्या हाताने फटका मारला, त्या हिसक्यासरशी कॅमेरा खाली ताई-भाऊजींवर आला आणि अर्धवट दाबलेलं बोट पुरतं दाबलं गेलं.

पडद्यावर पाहिलं तर आकाश पिकल्या फळासारखं, आणि त्याच्यापुढे दोन काळ्याभोर, रेखीव आकृत्या. कपाळ, नाक, हनुवटी, अंबाडा. जणू कात्रीने कापून ठेवलेल्या.

"याला म्हणतात अनुभव," कानदाखवे मान चोळत म्हणाले.

ताईने पाहिलं. "ही मी? मला वाटलं पाटीवर कावळा बसलाय."

भाऊजींनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, तिरका केला. एवढ्याशा पडद्यावर त्यांना काय दिसणार. "मोठा करून आण," ते हळूच म्हणाले. "मग बघतो."

दुसऱ्या दिवशी कानदाखव्यांना एका कारखान्यात ओळखपत्रांचे फोटो काढायला जायचं होतं. जाताना त्यांनी काकूंना सांगितलं, "तलावावरचा शेवटचा फोटो मोठा काढ आणि चौकटीत बसव. बाकीचे पुसून टाक." काकूंनी मान हलवली.

ते गेल्यावर काकूंनी फोटो उघडला आणि त्या बघतच राहिल्या. काळाकुट्ट. नणंदेचं तोंड दिसत नाही, तिच्या यजमानांचं दिसत नाही. बाकीचे फोटो पाहिले तर ते त्याहून बिघडलेले. हे थकले आता, त्या मनाशी म्हणाल्या. एवढ्या हौसेने बहिणीचा फोटो काढायला गेले आणि काय हे झालं. आणि कुणाला बोलले नाहीत, 'हाच बरा आहे' म्हणून गुपचूप देऊन गेले. बोलून त्यांना दुखवायचं कशाला?

मग काकू बसल्या. जेवण पुढे ढकललं. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम असेल. अंधार इंच इंच उपसून काढला. काळ्यातून ताईचा चेहरा वर आणला. त्याच्यावर मलमाचे पांढरे फराटे निघाले, ते पुसले. भाऊजींच्या गालावर रंग आणला. चेहरे जुळावेत म्हणून मागचं आकाश उतरवून मऊ, धुरकट केलं. ताई दहा वर्षांनी लहान झाली. मग काकूंनी नेहमीप्रमाणे तो त्याच फाइलीवर सेव्ह केला, कार्ड पुसलं, फोटो चौकटीत घातला, खाकी कागदात बांधला, वर सुतळीची गाठ मारली आणि नवऱ्याला एका शब्दाने काही सांगितलं नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही, कारण तो त्यांना काही विचारायला गेला असता तर सगळंच बाहेर आलं असतं.

सुटीच्या दिवशी दोघं ताईकडे गेले. ताई अर्थातच खिडकीला पाठ लावून बसली होती. कानदाखव्यांनी गठ्ठा भाऊजींच्या मांडीवर ठेवला. "घ्या. सोडा तुम्हीच."

भाऊजींनी गाठ बोटांनी चाचपून सोडवली. घड्याळजीची बोटं ती, त्यांना डोळे लागत नव्हते. कागद बाजूला झाला आणि ताई पुढे वाकली.

"अगं बाई! वहिनी, किती सुंदर! मी अशी दिसते?"

काकू लाजल्या. कानदाखवे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. चौकटीत ताई गुलाबी गालाने बाजूला बघत होती. दोन्ही कान जरी नाही तरी एक कान अगदी स्वच्छ दिसत होता.

भाऊजींनी चौकट उजेडाकडे वळवली. जवळ घेतली. लांब धरली. त्यांच्यासाठी त्या चौकटीत दुधावर दूध होतं. पण मेव्हणा एवढा राबला होता, दोघी बायका शेजारी वाट बघत होत्या, आणि सवय मोठी चीज असते.

"वा," ते म्हणाले. "झकास. अगदी हीच." मग खात्री पटवायला त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "बघ ना, कशी ताठ उभी आहे. शाळेतल्यासारखी."

त्यांचं बोट 'पाण्यात उतरू नये'च्या पाटीवर होतं.

काकूंना वाटलं, भाऊजी थट्टा करतायत. त्या हसल्या. त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्याच हसतोय, तेव्हा त्या थांबल्या. कानदाखवे जमिनीकडे बघत होते. शपथ मोडली नव्हती, तरी मोडल्याचा आवाज झाला होता.

ताई उठली. तिने चौकट अलगद काढून टेबलावर ठेवली आणि ती परत खिडकीत जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ती पाटी आहे. मी इथे आहे."

भाऊजींनी मान वळवली.

"कधी कळलं तुला?"

"खुंटीवरच्या माझ्या कोटाला तुम्ही विचारलंत, 'चहा टाकतेस का,' तेव्हा."

"त्याला तर वर्ष होत आलं."

"वर्षभर इथेच उभी आहे मी. इथे उभी राहिले की तुम्ही माझ्याकडे बघून बोलता. दुसरीकडे असले की भिंतीशी बोलता."

"मला वाटलं, तुला तिथे वारा बरा लागतो."

"वारा कसला. पाठ धरलीय माझी."

कानदाखव्यांना त्यांची सगळी बोलणी एकेक करून आठवली. उजेडाकडे तोंड कर, कोळशासारखी दिसतेस. ज्या जागेवरून ते तिला वर्षभर हुसकावत होते, त्या जागेसाठी ती पाठ धरून उभी होती. धंद्यातली अक्कल घेऊन माणसाने बहिणीच्या घरी जाऊ नये, चपलांबरोबर दारात काढून ठेवावी.

काकू मात्र नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तो काळाच हवा होता?"

"हो."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"शपथ होती गं. मूळ फाइल असेल ना? परत छापू."

काकूंचा चेहरा पडला. त्यावर सकाळ आणायला कोणतंही बटण नव्हतं. "त्याच्यावरच सेव्ह केली. कार्डही पुसलं. मला वाटलं, तुमच्या हातून बिघडला, तुम्हाला वाईट वाटेल…" त्यांनी पदराने डोळे टिपले. "सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का?"

चौघं जण बसली होती आणि चौघांनीही एकमेकांना दुखवू नये म्हणूनच हे सगळं केलं होतं. प्रेमाने माणूस आंधळा होतो म्हणतात. तेवढ्यावर भागत नाही. प्रेमाने माणूस मुकाही होतो, आणि घरात खरा गोंधळ त्यानेच होतो.

"रडायला काय झालं?" ताई म्हणाली. "मी आहे, खिडकी आहे, कॅमेरा गाडीत असेलच. काढ की इथेच."

कानदाखव्यांनी कॅमेरा आणला आणि त्यांना घाम फुटला. तलावावरचा फोटो डासाने काढला होता. तो कसा निघाला हे डासालाच माहीत, आणि तो हयात नव्हता. त्यांनी कॅमेरा ताईच्या तोंडावर धरला. पहिला फोटो: खिडकी पांढरीफटक, ताई मळकट. दुसरा: तसाच.

"काय झालं रे?" भाऊजींनी विचारलं.

कानदाखव्यांनी एक सुस्कारा सोडला. "भाऊजी, खरं सांगतो. मला येत नाही. तो आपोआप आला होता."

भाऊजी हसले. उठले, चाचपडत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "तू हिच्याकडे बघतोयस का?"

"मग कुणाकडे बघू?"

"तेच चुकतं. मीही आधी तेच करायचो. हिच्याकडे डोळे ताणून बघितलं की काहीच दिसत नाही. खिडकीकडे बघ. उजेडाकडे. त्याची सवय होऊ दे डोळ्याला, आणि मग न हलता हिच्यावर ये. दिसते."

कानदाखवे थबकले. त्यांना मानेवरचा डास आठवला, आकाशाकडे केलेला कॅमेरा आठवला, अर्धवट दाबलेलं बोट आठवलं. त्यांनी कॅमेरा ताईच्या खांद्यावरून उघड्या आकाशाकडे नेला. बटण अर्धं दाबलं. आत कॅमेऱ्याने आकाशाचा उजेड मोजला आणि तेवढाच धरून ठेवला. बोट न सोडता त्यांनी कॅमेरा हळूच ताईवर आणला. ताई काळीभोर झाली. आणखी गडद व्हावी म्हणून त्यांनी चकतीही दोन घरं खाली फिरवली.

"आता दोन्ही कान…" त्यांनी जीभ चावली.

"समोर नको," भाऊजी बाजूने म्हणाले. "अशी ती बाटलीसारखी दिसते. बाजूने वळ गं. हां. हनुवटी जरा वर. म्हण काहीतरी."

ताईने तसंच बाजूला तोंड ठेवलं आणि सकाळी म्हणायची ती प्रार्थना हळू आवाजात सुरू केली. दुसऱ्या ओळीला सूर चढला, तशी मानही चढली. तेव्हा कानदाखव्यांनी बटण पूर्ण दाबलं.

फोटो दुकानात जाऊन छापला आणि त्याच संध्याकाळी आणून दिला. काकू कॉम्प्युटरपासून हात मागे बांधून उभ्या राहिल्या होत्या. भाऊजींनी कागद समोर धरला आणि या वेळी तो लांब-जवळ केला नाही. त्यांचं बोट कपाळावरून निघालं, नाकावरून उतरलं, उघड्या ओठांशी जरा थांबलं, हनुवटीवरून गळ्याशी आलं, मागे अंबाड्यावर गेलं आणि तिथे अडखळलं. अंबाड्यातून काहीतरी बारीक, सरळ बाहेर आलं होतं.

"पेन्सिल," भाऊजी म्हणाले. "आणि ही सकाळपासून मला विचारतेय, कुठे पाहिलीत का."

ताईचा हात डोक्याकडे गेला. मग ती भाऊजींच्या शेजारी बसली, प्रथमच खिडकीकडे तोंड करून, आणि पाठ टेकवली.

आख्यान इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, देहाने भरभक्कम. कानदाखव्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, हनुवटी सरळ केली, कान दाखवायला सांगितलं आणि फोटो काढला. मन अजून कालच्या खिडकीत होतं. चकती दोन घरं खाली तशीच होती.

पडद्यामागून काकूंचा आवाज आला. पूर्वी त्या कधी विचारत नसत. "अहो, हा काळा आलाय. करू का उजळ, की हाही कुणाला असाच हवाय?"

"कर, कर," कानदाखवे ओशाळून म्हणाले. "पण आधीचा पुसू नकोस."

काकूंनी दोन्ही छापून काउंटरवर ठेवले. गिऱ्हाइकाने उजळ फोटो पाहिला. मग काळा पाहिला. काळा उचलून लांब धरला, मान तिरकी केली.

"उजळ अर्जाला लावतो," तो म्हणाला. "हा काळा मात्र मोठा करून द्या, घरी लावायला. यात मी बारीक दिसतो."

कानदाखव्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि मनापासून म्हणाले, "पण यात कान दिसत नाहीत हो."